मन पळालं, त्याचं नाव घ्या

"महानंदे, तुझं डोकं हाय का एस.टी. स्टँड गं? कोण आलं, कोण गेलं, पत्ता न्हाय." बसम्मा मावशी असं म्हणायची तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता तेवीसची झाले, टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर झाले, तरी स्टँड आहे तिथंच. एका आठवड्यात होटगीचा कॉल दोनदा टेंभुर्णीला जोडला. चन्नप्पा साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मला वाचनालयाच्या माडीवर, सकाळच्या ध्यानवर्गाला धाडलं.

जिन्यात एक जण खांद्यावर सतरंजी टाकून चढत होता.

"अहो, ते ध्यानवाले म्हातारे आले का?"

"येतीलच की. तोवर हे टोक धरता?"

धरलं, झटकलं, अंथरलं... आणि तो शिडशिडीत माणूस सरळ समोर मांडी घालून बसला.

"मी धर्मपाल. बांधकाम खात्यात कारकून. म्हातारा व्हायला अजून अवकाश आहे."

मला सतरंजीखाली जावंसं वाटलं.

त्याचा आवाज ओल्या सुतासारखा — मऊ, पण न तुटणारा. "डोळे मिटा. श्वास येतोय... जातोय... मन पळेल. कुठं गेलं, त्याचं एका शब्दात नाव घ्या, आणि परत मनाकडे या."

शेजारच्या गंगम्मा उठल्या, पदर खोचून निघाल्याच. कानडीत 'मने' म्हणजे घर. "मनेगे जा म्हनला की ह्यो. मग बसू कशाला?"

धर्मपाल हसला, आणि माझा श्वास यायचा की जायचा तेच विसरला.

रोज तो एकेकाजवळ येऊन हळूच विचारी, "कुठं?" गंगम्मा खरं सांगत, "डाळ." मी खोटं सांगे, "रॉकेल." खरं काय सांगू — तुमच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण? आमच्या घरी इष्टलिंगाची पूजा, त्याच्या घरी बुद्धवंदना, आणि मधे बोलायला बसलेलं अख्खं सोलापूर. नुसता वैताग. ज्या आवाजानं डोकं निवायचं, तोच दिवसभर माझ्या हेडफोनात. गुरुवारी एका गिऱ्हाइकानं अक्कलकोट मागितलं, मी बांधकाम खातं जोडून दिलं.

शनिवारी तो म्हणाला, "सोमवारपासून माझी बदली. टेंभुर्णीला."

सगळे हळहळले, पांगले. मी चपला शोधत राहिले, पायात असलेल्या.

"महानंदाबाई, थांबा. तीन आठवडे झाले, एकट्या तुम्हीच शांत झाला नाहीत. माझी शिकवणी कच्ची म्हणायची."

"कच्चीच आहे."

"बसा. डोळे मिटा."

"मिटले."

"एक उघडा आहे."

मिटला. खाली टांगा खडखडत गेला. श्वास येतोय... जातोय...

"कुठं?"

"रॉकेल."

"रोज रॉकेलच? रेशनचं दुकानसुद्धा इतकं देत नाही, बाई."

राग आला मला. त्याचा, माझा, त्या मेल्या बदलीच्या कागदाचा. परवा हा माणूस बसमध्ये चढेल, आणि माझ्याबद्दल त्याला फक्त एवढंच ठाऊक असेल... घरात स्टोव्ह आहे.

"रॉकेल नाही," मी म्हणाले. डोळे मिटलेलेच ठेवले. "तुमच्याकडं जातं. पहिल्या दिवसापासून, रोज तुमच्याकडंच. आणि परत आणायचं माझ्या जिवावर येतं."