एकेचाळिसावी ओळ

कर्णिका बंद असली की वृंदाताई हळब्यांना ढगांचा गडगडाटही ऐकू येत नसे. आत्ता ती बंद होती आणि त्या सांगलीच्या श्रवण केंद्रात खिडकीबाहेर बघत निवांत बसल्या होत्या.

कर्णिका म्हणजे कानामागे कवटीत बसवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा संगणक. बाहेरचा आवाज तो थेट मेंदूला पोचवतो. आज त्याची मूळ कार्यप्रणाली बदलायची होती. नवी प्रणाली आली की जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात, म्हणून त्यांची फाइल आधी काढून ठेवायची. केंद्राचा नियम असा, की ती फाइल जवळच्या नातेवाइकापुढे ओळीओळीनं वाचायची आणि त्यानं खूण केलेल्या ओळीच जपायच्या; नंतर नवी फाइलही तशीच वाचून दाखवायची. नियम करणारा बहुधा अविवाहित असावा.

तंत्रज्ञ शबाना मुल्ला वाचत होती. वृंदाताईंचे यजमान अच्युतराव, साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट, खुणा करत होते.

“पंखा, बारा टक्के. दाराची बेल, शंभर. बहीण, नव्वद...” शबाना अडखळली.

“वाचा की.”

“ओळ एकेचाळीस. पती, नऊ टक्के.”

अच्युतरावांचं पेन हवेतच राहिलं. “पंख्यापेक्षा कमी? हे हिनं ठरवलं?”

“नाही काका, कर्णिका आपली आपण शिकते. मेंदू ज्या आवाजाकडे लक्ष देत नाही, तो ती हळू करते. हळू झाला की लक्ष आणखी उडतं, मग ती आणखी हळू करते. ही घसरण सहा वर्षांपूर्वी सुरू झालीय.”

सहा वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. आठवडाभर वृंदाताईंनी त्यांचं बोलणं कानाआड केलं होतं. भांडण मिटलं, पण बायको नीट उत्तर देईनाशी झाली ती कायमची. अच्युतरावांना फार वाईट वाटलं.

“ही ओळ जपली नाही तर?”

“नवी प्रणाली शंभरापासून सुरू करेल. पण फाइल काकूंची आहे. त्यांना लिहून विचारू या?”

“आणि ती ‘राहू दे’ म्हणाली तर?”

अच्युतरावांनी खूण न करता पान उलटलं.

चाळीस मिनिटांनी कर्णिका सुरू झाली.

“वृंदा,” अच्युतरावांनी हाक मारली.

त्या दचकल्या. डोळे भरून आले. “अहो, बोललात तुम्ही!”

“रोजच बोलतो की.”

“कुठे? सहा वर्षं नुसते ओठांतल्या ओठांत पुटपुटता. मला वाटलं, मी तुमच्या मनातून उतरले. मग मीही विचारायचं सोडलं.”

त्यानंतर अच्युतराव बोलतच सुटले. कारखान्यातला निरोप समारंभ, गुडघा, नातवाचे दात, शेजाऱ्यांनी बदललेला पंप, सगळं सहा वर्षांचं साठलेलं. वृंदाताई डोळे पुसत ऐकत होत्या. मग हसून ऐकू लागल्या. मग नुसतं “हं, हं” करू लागल्या. विसाव्या मिनिटाला त्यांची नजर खिडकीबाहेर गेली.

शबाना अहवाल पुरा करत होती. नव्या फाइलीत एकेचाळिसावी ओळ आपोआप उमटली होती: पती, सत्त्याण्णव टक्के.

नियमाप्रमाणे ती वाचून दाखवायला हवी होती. शबानानं वाचली नाही.