दुसरा दिवा

मल्लिनाथ सरळ डोक्याचा माणूस. यंत्र खोटं बोलत नाही, बोलतो तो माणूस, एवढंच त्याचं शास्त्र. निवेदितावहिनींचा फोन आला तसा तो भर उन्हात पिशवी घेऊन साखर पेठेत पोचला.

वहिनींचा नवरा अवधूत हा मल्लिनाथचा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला भागीदार. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. आता वहिनी घरी बसून लग्नाचे व्हिडिओ जोडून पुण्याला पाठवायच्या, आणि त्यावरच घर चालायचं. उद्यापर्यंत इंटरनेटचा वेग वाढला नाही तर काम बंद, असा निरोप आला होता.

"नेटचं कार्ड हजाराच्या वेगाचं हाय, पडद्यावरचा आकडा मात्र शंभरावर अडलाय," मल्लिनाथ म्हणाला. त्यानं कार्ड बदलून पाहिलं. शंभरच. मग केबलीचं टोक उघडलं, तर आठ तारांपैकी चारच जोडलेल्या. जोडावर लाल सुताची गाठ. अवधूतचाच हात! मल्लिनाथचे डोळे भरून आले.

"बाकीच्या चार कुटं गेल्या, वहिनी?"

"त्यांच्या खोलीत. एका केबलीत दोघांचं भागवलं होतं त्यांनी. पण त्यांचा कॉम्प्युटर तर आपण अक्कलकोटच्या शाळेला दिला की."

भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीवर दोघांचे दोन दिवे होते, पलीकडे कॉम्प्युटर चालू असला तरच लुकलुकणारे. वहिनींचा लुकलुकत होता. अवधूतचाही.

"तारा चिकटल्या असतील कुटंतरी," मल्लिनाथ म्हणाला. "कापू?"

"कापा, भाऊ. जगायचंय आम्हाला."

त्यानं सूत सोडलं, आठही तारा एकत्र केल्या. आकडा हजारावर गेला. वहिनी हसल्या, वर्षात पहिल्यांदा. दुसरा दिवा विझला होता.

उंबऱ्याशी अवधूतची आई काशम्मा शेंगा फोडत बसली होती. डोळे गेलेले, पण कान तिखट. तिचा हात थांबला.

"टकटक थांबली की गं. एवढ्या दुपारी झोपला व्हय?"

"कोण, अम्मा?"

"कोण काय इचारतीस? अवधूत रोज बटणं बडवत बसतोय की खोलीत. मला वाटलं, तुला ठावं हाय."

वहिनींनी धावत जाऊन खोली उघडली. सगळीकडे वर्षाची धूळ होती.

टेबलावर मात्र दोन मनगटं टेकतील एवढी जागा स्वच्छ होती.

"जोडा परत!" वहिनी ओरडल्या. "चुलीत गेलं ते काम. जोडा, भाऊ, पाया पडते तुमच्या!"

मल्लिनाथनं चार तारा पुन्हा वेगळ्या केल्या. तेच लाल सूत, तशीच गाठ. आकडा शंभरावर उतरला.

दुसरा दिवा लागला नाही.

वहिनींनी त्या स्वच्छ जागेवर तळहात ठेवला. लाकूड अजून कोमट होतं.