दुसरा शिक्का

"कागद की यंत्र?" मी मान वर न करता विचारलं.

"तुम्ही काय सुचवाल?"

"आम्हाला काही सुचवायला बंदी आहे."

"मग निदान पाणी तरी सुचवा... थेट राजधानीतून, सोफियापासून उन्हात गाडी हाकत आलोय!"

तेव्हा मी वर पाहिलं. जुलैतला मतदानाचा रविवार होता. आमच्या लोम गावच्या शाळेतला तळमजल्यावरचा वर्ग भट्टीसारखा तापला होता आणि डॅन्यूब नदीवरून वाऱ्याची एक झुळूक येईल तर शपथ. समोर घामानं भिजलेला शर्ट, विस्कटलेले केस आणि हसऱ्या डोळ्यांचा एक माणूस उभा होता. मी माझीच बाटली त्याच्यापुढे सरकवली. शेजारी बसलेले मेतोदीकाका मुद्दाम खाकरले. मी एका पक्षाकडून नेमलेली, ते दुसऱ्या पक्षाकडून. पण एका टेबलावर बसलं की घरून आणलेली चीजभरली बनित्सा आम्ही वाटूनच खायचो.

त्याचं ओळखपत्र माझ्या हातात होतं. मत देऊन सही होईपर्यंत ते आमच्याकडेच राहतं. नाव — बोयान. राहायला सोफियात, पण मतदारयादीत अजून आमच्याच गावचा.

"फोटोत बरे दिसता," मी म्हटलं.

"फोटो काढला तेव्हा तहान लागली नव्हती."

एवढंच. पण संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी आमच्या सरकारची गत. ते बनलंच नाही. नोव्हेंबरात पुन्हा मतदान, पुन्हा तोच वर्ग, तेच टेबल. मधल्या महिन्यांत आमचं रोज फोनवर बोलणं व्हायचं, आता बोयान पुन्हा आला. मधल्या सुट्टीत आम्ही नदीकाठी गेलो, पाऊस भुरभुरत होता, त्यानं आपला मफलर माझ्या गळ्यात टाकला आणि एकदम विचारलं, "रालित्सा, लग्न करशील माझ्याशी?"

"पुढच्या वेळी सांगते," मी हसून म्हणाले.

पुढची वेळ इतक्या लवकर येईल असं कुठे वाटलं होतं! सरकार वर्षभरात पडलं आणि पुढच्या ऑक्टोबरात ती आली. त्यानं पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हणाले... येरे माझ्या मागल्या. मला तो आवडत नव्हता का? वेड्यासारखा आवडत होता. पण मला भीती वाटत होती. घाट ओलांडून सोफियाला गेलेलं आमच्या गावचं माणूस परत राहायला येत नाही. माझी बहीण गेली, माझ्या मैत्रिणी गेल्या, मी शिकवते त्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी पडली. हो म्हटलं की मलाही जावं लागणार, आणि नाही म्हणवत नव्हतं. मग टाळलेलं बरं!

इकडे मतदारही दर खेपेला कमी होत चालले होते. पक्षाच्या चौकोनात फुली, बाजूच्या वर्तुळात आवडत्या उमेदवारासाठी आणखी एक फुली, तीही निळ्याच शाईनं... म्हातारी माणसं पडद्याआडून ओरडायची, "अगं, ही दुसरी फुली कशाला?" तरुण तर फिरकेनासेच झाले.

"रोज मरे त्याला कोण रडे?" आमच्या केंद्रप्रमुख पेन्कामावशी म्हणायच्या. "ऊठसूट विचारतात, 'कोण हवंय?' सांगितलं तरी काही होत नाही. मग माणूस सांगायचंच सोडतो."

तेव्हा मला वाटलं होतं, मावशी राजकारणाबद्दल बोलतायत.

सरकार पुन्हा बनलंच नाही. एप्रिलमध्ये मतदान ठरलं आणि त्या आठवड्यात बोयानचा फोन आला.

"रविवारी येतोय. शेवटचंच. यापुढे माझं नाव सोफियाच्या यादीत घालून घेणार."

"का रे?"

"थकलो."

"मतदानाला?"

"त्याच त्याच प्रश्नाला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळपासून माझं लक्ष दाराकडे. सोफियाच्या वाटेवरच्या पेत्रोहानच्या घाटात अवकाळी बर्फ पडल्याचं कुणीतरी सांगितलं. दुपार गेली. ऊन उतरलं. दार वाजलं की मी दचकायची, आणि आत यायची काठी टेकत कुणीतरी आजी. मेतोदीकाका तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघत होते.

केंद्र बंद व्हायला थोडाच वेळ उरला असताना तो आला. बुटांवर चिखल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"कागद की यंत्र?"

"कागद."

एवढंच! ना चेष्टा, ना हसू. मी मतपत्रिकेवर पहिला शिक्का मारून ती त्याला दिली. पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते. तो बाहेर आला, घडी केलेला कागद माझ्यापुढे धरला. मी क्रमांक पाहिला, कडेची चिठ्ठी फाडली... नजर मात्र त्याच्याच चेहऱ्यावर. त्यानं कागद पारदर्शक पेटीत टाकला, सही केली.

"घाटात बर्फ होता?" मी ओळखपत्र देताना विचारलं.

"होता."

"जेवलास?"

"वाटेत खाल्लं."

विचार ना रे, मी मनात म्हणत होते, एकदाच विचार! त्यानं ओळखपत्र खिशात टाकलं. "येतो," म्हणाला आणि वळला.

"पोरी," मेतोदीकाका हळूच म्हणाले, "दुसरा शिक्का मारलास का गं?"

शिक्का माझ्यासमोर तसाच पडून होता. पेटीत टाकण्याआधी दुसऱ्यांदा शिक्का मारावा लागतो, नाहीतर मत बाद. आणि पेटीला सील. आता कागद बाहेर निघणं अशक्य.

"बोयान!"

तो थांबला.

"तुझं मत बाद झालं. माझ्या चुकीनं... शिक्का राहिला."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हसला, थकून. "असू दे. तुझ्याकडून याची सवय झालीय मला."

त्यानं दाराची कडी धरली. मला रडूच आलं. बर्फातून घाट ओलांडून माणूस येतो, आणि मी बयेनं प्रत्येक वेळी त्याचं येणं वाया घालवलं!

"हो!" मी उभी राहून ओरडले.

"काय हो?"

"मागच्या वेळी विचारलंस ना, त्याचं उत्तर. त्याच्याही मागच्या वेळचं. आता तू विचारू नकोस, मीच सांगते... मला लग्न करायचंय. तुझ्याशीच. मी सोफियाला येईन, नाहीतर तू इकडे ये, ते आपण भांडून ठरवू. पण आज असा जाऊ नकोस."

बोयानचा हात कडीवरच होता.

"केंद्रात प्रचाराला बंदी आहे!" पेन्कामावशी कडाडल्या.

"हा प्रचार नाही, पेन्का," मेतोदीकाका म्हणाले. "निकाल आहे."

बोयान पहिलीच्या पोरांच्या इवल्याशा बाकावर मटकन बसला. दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं... आणि मग तो जे हसला, ते मी जन्मभर विसरणार नाही.

"मोजणी किती वेळ चालेल?"

"खूप."

"बाहेर थांबतो," तो म्हणाला.

मोजणीत एकच मतपत्रिका दुसऱ्या शिक्क्याविना निघाली. कोणाची ते मलाच काय, सगळ्या टेबलाला ठाऊक होतं. मी ती उघडली आणि बघतच राहिले. मेल्यानं दोन्ही फुल्या मेतोदीकाकांच्या पक्षाला मारल्या होत्या! गाडीत बसल्या बसल्या आमचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं ते त्यावरूनच.