झाकून ठेवलेला भात

त्या संध्याकाळी येसलला एकच काम होतं. भोपळ्याच्या रसाची पिशवी कोमट करायची आणि रस बारीक नळीने, गालाच्या आतून, थेंब थेंब गिळायचा. सूज उतरते म्हणे त्याने. ऑपरेशनला सात दिवस झाले होते. सोल शहरातल्या क्लिनिकमध्ये तिचा जबडा कापून मागे बसवला होता, कानाखालचे दोन्ही कोपरे तासले होते, आणि वरचे-खालचे दात रबरांनी एकमेकांना जखडले होते. दोन आठवडे तोंड उघडायचं नव्हतं. काही सांगायचं असलं की पाटीवर लिहायचं. ओठापासून कानापर्यंत सगळं बधिर होतं. लाळ ओघळलेलीही आरशात दिसली तरच कळायची.

"भोपळाच भोपळ्याचा रस पितोय," मावशी म्हणाली. आईची ही धाकटी बहीण दुपारपासून स्वयंपाकघरात विधीचं जेवण रांधत होती. "तुला न्यायला आले तेव्हा तर पायातसुद्धा क्लिनिकच्या सपाता. तपकिरी बूट तिथेच विसरलीस. भर बर्फात! आणि आज तुझ्या आईची तिथी, तर बाईसाहेब हे ध्यान करून बसल्यात."

येसलने लिहिलं, 'मी तारीख धरली होती.'

चूक तेवढीच झाली होती. आईला जाऊन वर्ष कधी होतं ते तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहिलं. विधी चांद्र तिथीने करतात, आणि तिथी अकरा दिवस आधी येऊन उभी राहिली. तारखेने असता तर तोवर तोंड सुटलं असतं. आईच्या फोटोसमोर बसून तिला नीट सांगता आलं असतं. घरातल्या तिथी नेहमी आईच लक्षात ठेवायची.

आईचं इंचॉनच्या बाजारात तोंडीलावण्यांचं दुकान होतं. दिवसभर लसूण सोलायची. तिचा जबडा रुंद होता, चौकोनी, आणि येसलचा अगदी तसाच. 'छापा काढलाय गं,' बाजारातल्या बायका म्हणायच्या. शाळेतली मुलं काय म्हणायची ते तिने घरी कधी सांगितलं नाही, पण आईला कळलं असावं. शेवटची दोन वर्षं साखरेच्या आजाराने आईची दृष्टी गेली. संध्याकाळी येसल कामावरून आली की आई भिंतीला हात घासत यायची, तिच्या हनुवटीपासून कानापर्यंत बोटं फिरवायची, कोपऱ्याशी थांबायची. "आलीस गं." मग एकदा, बोटं तिथेच ठेवून, म्हणाली होती, "चांगलं काही द्यायचं सोडून हे दिलं तुला."

सहा वाजता बाहेर अंधारलं. मावशीने आईसाठी बाहेरचं दार बोटभर उघडं ठेवलं. मेणबत्त्या लावल्या. मासा, पेअर, तिळाच्या तेलातल्या भाज्या, सूप, आणि मधे पितळी वाटीत पांढरा भात. आत्मे बिचकतात म्हणून लसूण कशातच नव्हता. मावशीने फोटोसमोर कपाळ टेकवलं. येसलला वाकायची बंदी होती, चेहऱ्यात रक्त उतरतं म्हणून. ती ताठ बसून राहिली, परक्या पाहुणीसारखी.

मावशीने भातात चमचा उभा रोवला. "चल बाहेर. जेवणाऱ्या माणसाकडे बघत बसू नये."

येसलने मान हलवली. 'मी थांबते.'

"असं करत नाहीत, पोरी..."

'ती मला ओळखेल.'

मावशीने त्या सुजलेल्या, पट्ट्यांनी आवळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. दार ओढून घेतलं.

आधी काहीच झालं नाही. मग वास आला. लसणाचा. ओल्या, नुकत्याच सोललेल्या लसणाचा.

मग आवाज. भिंतीवरून तळहात घासत येत होता... सावकाश... मधेच थांबत... पुन्हा घासत. मेणबत्त्यांच्या ज्योती एका बाजूला झुकल्या आणि तशाच राहिल्या.

येसलने डोळे खाली वळवले. हनुवटीवरची पट्टी दबत होती. चार बोटांएवढी. वर्षभर ज्या स्पर्शासाठी ती झुरली तो हात तिच्या चेहऱ्यावर होता, आणि तिला काहीच जाणवत नव्हतं. बोटं कानापाशी पोहोचली तेव्हा फक्त गार लागलं. ती खाली आली. पुन्हा वर गेली. कोपरा शोधत होती.

"माफ करा हं..." आईचाच आवाज. "मला वाटलं, आमची येसल आली."

आई! मीच आहे! दातांमागून नुसतं कण्हणं बाहेर पडलं. तिने पाटी ओढली, 'आई मी' एवढं लिहिलं, आणि मग तिला आठवलं की आईला दिसत नाही.

"दुखतंय का तुम्हाला? ...चेहरा सुजलाय की हो. तुमची आई आहे ना घरी, काळजी घ्यायला?"

येसलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गालावर तेही कळत नव्हतं.

"बसा. जेवून जा. आमच्या पोरीला जरा उशीर होतोय आज..."

हात भिंतीवरून घासत दूर गेला.

बाहेर मावशी रीतीप्रमाणे तीनदा खाकरली आणि आत आली. ताटाकडे बघून थबकली. "भाताची वाटी कुठे गेली?"

चमचा पुसल्यासारखा स्वच्छ, ताटाशेजारी आडवा ठेवलेला. वाटी मिळाली ती खोलीच्या कोपऱ्यात, खालून ऊब दिलेली जमीन जिथे सगळ्यात जास्त तापते तिथे. रजईखाली. झाकण लावलेली, कढत.

मावशीने रजई पुन्हा वाटीवर ओढली. "ताई असंच ठेवायची... तुला उशीर झाला की."

त्या दिवसापासून वाटी रोज तिथे असायची. फेब्रुवारीत तोंड सुटलं, मार्चपर्यंत सूज गेली. चेहरा निमुळता, देखणा झाला. नव्या ऑफिसात लोक वळून बघायचे. रोज संध्याकाळी दारातूनच ती हाक मारायची, "आई, मी आले." रबरांनी की आणखी कशाने, पण आवाजही आता पूर्वीसारखा राहिला नव्हता. घर गप्प असायचं. रजईखाली भात कढत असायचा. तो खायचा तिला धीर झाला नाही. तो तिच्यासाठी नव्हताच.

एप्रिलमध्ये, चेरीचा बहर झडून गेल्यावर, एका संध्याकाळी ती आली. हाक ओठांवरच राहिली.

घरभर लसणाचा वास होता. रजई बाजूला सारलेली. वाटी रिकामी, एक शीतही उरलं नव्हतं.

आणि दाराशी, टाचा जुळवून ठेवलेले, क्लिनिकमध्ये विसरलेले तिचे तपकिरी बूट. त्यांच्यावर बर्फ होता. अजून वितळला नव्हता.