खाली मान घातलेली साक्षीदार

"एकदा पाहिलेला चेहरा तुम्ही विसरत नाही, असंच ना?" आरोपीच्या वकिलानं विचारलं.

"कधीच नाही!" भवानी ठसक्यात म्हणाली. कुंभकोणच्या कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिला एव्हाना मजाच वाटू लागली होती. घरातली समई पळवणारा म्हणून तिनं तिरुभुवनमच्या सुंदरेश विणकराकडे बोट दाखवलं होतं. तो बिचारा हात जोडून उभा होता. आणि वकील... तरुण, काळ्या कोटातला, आवाज कसा मऊ!

"मग मला पूर्वी पाहिलंय?"

"नाही."

मागच्या बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांना, अप्पांना, जोराचा ठसका लागला. वकिलाचे कान लाल झाले. "माझे प्रश्न... संपले," तो कसाबसा म्हणाला.

भवानीनं कान टवकारले. हा आवाज! शुक्रवारी हाच आवाज तिच्या घरी "कॉफी छान आहे" म्हणाला होता. तिला पाहायला आलेले तंजावरचे सेतुराम! रीतीप्रमाणे तिनं मान वर केलीच नव्हती. दिसले होते ते फक्त पाय. आता ती शरमेनं अर्धी झाली. गप्प राहिली तर कुणाला कळणार नव्हतं... पण सुंदरेश तुरुंगात गेला असता.

"थांबा," ती मॅजिस्ट्रेटना म्हणाली. "हे मला पाहायला घरी आले होते. मी यांचा चेहरा पाहिलाच नाही. आणि चोराचीही... पाठच दिसली होती. पोलीस म्हणाले हाच, म्हणून मीही हो म्हटलं."

सारं कोर्ट हसलं. दुसरा पुरावा नव्हताच. संध्याकाळी सुंदरेश सुटला.

बाहेर चिंचेखाली सेतुराम उभा होता. कोर्टातली तमिळ सोडून तो घरच्या तंजावरी मराठीत बोलला.

"माफ करा... घरची गोष्ट कोर्टांत आणलों. मला फार लाज वाटते."

"मला नाहीं? सगळा गांव हांसला की हो!" तिचे डोळे भरले होते.

"आणि... न पाहतांच मला हो म्हणालां तुमी?"

"अप्पा म्हणाले, म्हणून."

"अय्यो! मग तें हो मी कसं धरूं?" तो हलकेच म्हणाला. "आतां पाहा. नको म्हणालां, तर मीच घरीं नको कळवितों. तुमच्यावर बोल येणार नाहीं."

भवानीनं मान वर केली. चांगलं निरखून पाहिलं – तो बिचारा घामाघूम.

"नाक जरा मोठं हाय," ती म्हणाली. "पण... हो."