चर्चसमोरचे पंचावन्न मीटर

सिल्विउ पहिल्यांदा रुक्सांद्राच्या गाडीत शिरला तो टॅक्सी समजून. टपावरची पाटी त्याने वाचलीच नव्हती.

"स्टेशनला," मागच्या सीटवरून तो म्हणाला.

"ही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे."

"अच्छा... मग शिकवाल का?"

तिने होकार दिला आणि डोकेदुखी विकत घेतली. त्याचा हात चांगला होता. गुरांचा डॉक्टर तो, क्लचसुद्धा असा अलगद सोडायचा, जणू गाडी गाभण आहे. पण याश शहरात वळणावळणाला चर्च, आणि प्रत्येक चर्चसमोर त्याचा उजवा हात स्टीअरिंग सोडून कपाळाकडे जायचा. क्रूसाची खूण, तीही तीनदा. एवढ्यापायीच तो दोन परीक्षांत नापास झाला होता.

तिसरी परीक्षा उद्यावर आली, तरी तेच.

"तीन खुणांना चार सेकंद लागतात," रुक्सांद्रा दात आवळून म्हणाली. "ताशी पन्नासच्या वेगाला पंचावन्न मीटर. तेवढा वेळ गाडी कोण चालवतं?"

"वरचा."

"त्याच्याकडे लायसन्स आहे?"

तो हसला. "तुम्हीच धरून ठेवा ना माझा हात."

"उद्या शेजारी परीक्षा घेणारा पोलीस बसणार आहे. त्याला सांगा."

"त्याच्या मिशा नाही आवडत मला..."

तिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी फुललेल्या लिंडनच्या झाडाखाली थांबली. काचेवर चिकट पिवळी फुलं पडू लागली.

"उद्या नापास झालात तर?"

"डोंगरातली नोकरी जाईल. सात गावांना एक डॉक्टर, आणि त्याला गाडी येत नाही... थांबतील किती?"

डोंगर सहा तासांवर होता. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"माझ्या आईच्या दोन्ही हातांत बादल्या असायच्या," ती एकदम म्हणाली. "चर्च आलं की ती जिभेनं टाळूवर खूण करायची. तोंड मिटून. देवाला चालायचं."

सिल्विउने जीभ फिरवून पाहिली. गाल फुगला.

"हे तुम्हाला आज आठवलं?"

"नाही," ती चिडून म्हणाली. राग त्याच्यावर नव्हता. "तीन आठवडे झाले. सांगितलं असतं तर... तुम्ही पास झाला असता."

त्याने क्लच एकदम सोडला. गाडी पहिल्यांदाच त्याच्या हातून बंद पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कागद फडकवत आला. पास. "बसा बाई, घरी सोडतो," म्हणाला. ती त्याच्या उसन्या गाडीत शेजारी बसली. सवयीने तिचा पाय ब्रेक शोधत होता.

"डोंगरात सगळे रस्ते घाटाचे," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "शिकवायला कुणी नाही. अख्ख्या खोऱ्यात एकही ड्रायव्हिंग स्कूल नाही. मी चौकशी केलीय... तीन आठवड्यांपूर्वीच. रुक्सांद्रा, येशील?"

ती गप्प.

"रुक्सांद्रा?"

तरीही गप्प. सिल्विउच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने पटकन तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डावा गाल हळूच हलत होता. एकदा, दोनदा, तीनदा.

उजवीकडून गोलिया चर्चचा उंच मनोरा मागे सरकला.

"येईन," ती म्हणाली. "पण समोर बघ. आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर."