खिडकीकडे तोंड करून

चहाच्या कपाच्या कानाला खोबरेल तेलाचा वास.

शिरगावात लईराई देवीची जत्रा. सर्वणातली अर्धी घरं कुलपात.

"अभिजात कथेत मरण दाराबाहेर ताटकळत उभं असतं. हल्लीचे लेखक त्याला पाट मांडून आत घेतात." सरांच्या या वाक्यावर बैठकीत हशा.

परसात भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, कलंडलेला. भोवती काजूच्या बिया, कोळसा झालेल्या.

एका तरुणाची नखं स्वतःच्याच गुडघ्यांत रुतलेली.

डिचोली पोलीस ठाण्यातला फोन दुपारी वाजला, तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. उपनिरीक्षक पद्मावती जीप घेऊन सर्वणला पोचली, तर सगुण अजून खुर्चीशेजारी जमिनीवरच मरून पडला होता. हात मात्र गुडघ्यांवर. पडतानाही त्यानं ते सोडले नव्हते.

नियम तसा होता.

प्राध्यापक कृष्णनाथ कॉलेजात मराठी शिकवायचे आणि रविवारी घरी बैठक घ्यायचे. ज्याच्या कथेवर चर्चा, त्यानं सगळ्यांकडे पाठ करून खिडकीसमोर बसायचं. खिसे तबकात रिकामे करायचे. हात गुडघ्यांवर. बोलायचं नाही, उठायचं नाही, मागे वळायचं नाही. जो वळला, त्याची कथा वार्षिक संग्रहातून बाद.

सगुणचा बाप सावंतवाडीकडून येऊन शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. घरात छापून आलेलं नाव कुणाचंच नव्हतं. सगुणला ते हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, दम्याचा झटका.

पद्मावतीनं एकेकाला ओसरीवर बोलावलं. आधी सर.

"तो धापा टाकत होता. ऐकू आलं नाही?"

"आलं. रडतोय असं वाटलं."

"मग?"

"रडू दिलं. त्या खुर्चीत रडलेले पुढे बरं लिहितात."

"तबकात त्याचा दम्याचा पंप होता. तुमच्या हाताशी."

"नियम सगळ्यांना सारखा, बाई."

"खिडकीतून धूर येत होता."

"आमची मंडळी बिया भाजत असेल, म्हटलं."

"वहिनी पहाटेच जत्रेला गेल्यात."

"असं?" सर थोडे चकित झाले. "तरीच चहा भिकाजीनं आणला."

भिकाजी सरांच्या हाताखालचा व्याख्याता. संग्रहात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी कथा दोन होत्या. एक सगुणची, एक त्याची. सरांनंतर ओसरीवर तोच आला.

"चर्चेत काय बोललात?"

"खरं तेच. त्याच्या कथेतला पोरगा काजूच्या धुरानं गुदमरून मरतो. अहो, आपल्याकडे घरोघरी बिया भाजतात. कोण मेलंय? वाचकाला रडवायची लबाडी सगळी."

"आज धुराचा वास आला?"

"आला की. वाटलं, वहिनी भाजताहेत."

"हात दाखवा."

त्यानं दाखवले. मऊ, शाबूत, ओरखडासुद्धा नाही.

भाग्यलक्ष्मीचे मात्र बघवत नव्हते. बोटांवर फोड, तळव्याची कातडी लोंबलेली. बैठकीतली ती तिसरी. सगुणशी तिचं लग्न ठरलं होतं. हवालदार शंभू पुढे वाकून कुजबुजला, "म्याडम, अशीच घालूया जीपीत. हातच सांगतत. काल दोघांची कडाकड भांडणां झाली, शेजाऱ्यान आयकलीत."

"खरं गो?" पद्मावतीनं विचारलं.

"खरां. मी त्याका म्हटलंय, त्या खुर्चेर बसा नको. ते लोक तुका खातले." तिचा आवाज कोरडा होता. "तो म्हणालो, एकदा नाव छापून येवंदे."

"हात कशानं भाजले?"

"तो पडलो आणि मी भायर धावलंय. डबो पेटलेलो. हातानच ढकललंय."

"तुझं घर खंय?"

"पार्सेत."

पद्मावती उठली. आत जाऊन तिनं चहाचे कप एकेक करून नाकाशी नेले. मग सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि सगुणची खुर्ची उचलून पुन्हा खिडकीसमोर ठेवली.

"भिकाजी, बसा. हात गुडघ्यांवर. वळायचं नाही."

तो हसला. कुणी हसलं नाही. तो बसला.

"माझं माहेरही पार्सेचं, काजूच्या बागांतलं," पद्मावती त्याच्या पाठीशी बोलू लागली. "बिया भाजायला बसणारा आधी हातांना खोबरेल चोपडतो. टरफलातलं तेल उडालं की कातडी सोलून काढतं. भाग्यलक्ष्मी हे पाळण्यातून शिकलीय. बेत करून आली असती, तर तेल लावून आली असती. भाजलेले हात बेत नसलेल्याचे. मी शाबूत हात शोधत होते."

खुर्चीतली पाठ ताठ झाली.

"खोबरेल कपांच्या कानांना लागलंय. चहा तुम्ही आणलात. आता त्या बिया. खायच्या असल्या तर त्या पेटल्याबरोबर डबा उलथून वर माती टाकतात. इथं कोळसा होऊ दिला. भाजणाऱ्याला बिया नकोच होत्या, धूर हवा होता. सरांना बायको घरात नाही हे ठाऊक नव्हतं, ते त्यांचं नेहमीचं असेल. पण तुम्ही रिकाम्या स्वयंपाकघरात चहा केलात. वहिनी नाहीत हे डोळ्यांनी पाहिलंत. तरी धुराचा वास आला तेव्हा कोण भाजतंय, हे बघायला तुम्ही गेला नाहीत. आणि मला म्हणालात, वहिनी."



"मारायचं नव्हतं," भिकाजी खिडकीकडेच बघत म्हणाला. "खोकेल, उठेल. वळला की कथा बाद. एवढंच."

"त्यानं तुम्हांला पाहिलं?"

"समोरच तर होतो. चहा करायला म्हणून उठलो, तेव्हा परसात, खिडकीबाहेर. त्याला श्वास पुरेना, तेव्हा मी हातानं खूण केली. वळ, मागे वळ."

"मग?"

"त्यानं मान हलवली. नाही म्हणाला."

भाग्यलक्ष्मीनं सोललेल्या हातानं तबकातला पंप उचलला. कुणी अडवलं नाही. ती तो उगाच दाबत राहिली. खोलीत फुसफुस होत राहिली.

शंभूनं भिकाजीला दंडाला धरून उठवलं. तेव्हा कृष्णनाथ सरांनी चष्मा पुसत, वर्गात बोलावं तसं म्हटलं, "म्हणजे तो धुराचा प्रसंग पटण्याजोगा होता तर."

पद्मावतीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कशाखाली अटक करावी, ते तिला सुचेना.

सगुणची कथा सरांनी संग्रहासाठी शुक्रवारीच छापखान्यात दिली होती.